ऑनलाइन बाजारपेठेतील जाहिरात : खर्चाचा हिशेब व संगणकाचा उपयोग

शेतमाल पिकविणे जितके कष्टाचे, तितकेच तो योग्य गिऱ्हाइकापर्यंत पोचविणे हेही कष्टाचे काम आहे, ही गोष्ट शेतकऱ्यांना नव्याने सांगावयास नको. बाजार समितीच्या आवारात मालाचा ढीग लागतो, अडत्या पुकारा करतो, व्यापारी बोली बोलतात आणि शेवटची बोली ज्याची त्याच्या पदरी माल पडतो. या व्यवहारात शेतकरी विकणारा असतो. बोली दुसऱ्याने बोलावयाची असते.

आता गावोगावचे शेतकरी गट, महिला बचत गट व उत्पादक कंपन्या हळद, गूळ, कोकम, पापड, डाळी असा तयार माल ऑनलाइन बाजारपेठेत मांडू लागल्या आहेत. तेथे एक निराळाच लिलाव चालतो. या लिलावात बोली विकणाऱ्यालाच बोलावी लागते, आणि ती मालासाठी नसून दर्शनी जागेसाठी असते. गिऱ्हाइकाने मोबाइलवर ‘हळद’ असा शब्द लिहिला की शेकडो पुड्यांची यादी समोर येते. त्या यादीत आपली पुडी वरच्या जागी दिसावी म्हणून जे पैसे मोजावे लागतात, त्यालाच तेथील जाहिरात म्हणतात. हा लिलाव रात्रंदिवस चालू असतो व तो संगणकच चालवितो. त्यामुळे गटाची भगिनी शेतात भांगलण करीत असतानाही तिच्या खात्यातून पैसे खर्च होत असतात. म्हणूनच या कामाची रीत नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

जाहिरातीची रीत

भारतात ॲमेझॉनची बाजारपेठ २०१३ साली सुरू झाली. फ्लिपकार्ट ही बेंगळुरू येथे २००७ साली निघालेली कंपनी. या व अशा इतर बाजारपेठांत जाहिरातीची जी पद्धत सर्वांत अधिक रूढ आहे, तिचे तत्त्व एकच आहे. जाहिरात नुसती दिसल्यास पैसे पडत नाहीत. गिऱ्हाइकाने तिच्यावर बोट ठेवून ती उघडली, म्हणजे ‘क्लिक’ केले, की पैसे पडतात. मग त्याने माल घेवो अथवा न घेवो. यास्तव क्लिक म्हणजे विक्री नव्हे, हे प्रथम मनात पक्के करावे. दुकानाच्या पायरीवर चढलेल्या प्रत्येक माणसामागे दुकानदाराला काही रुपये द्यावे लागले, तर जी स्थिती होईल तीच ही स्थिती होय.

जाहिरातीच्या एका कामास ‘मोहीम’ म्हणतात. मोहिमेला दिवसाच्या खर्चाची मर्यादा ठरवून द्यावी लागते. मोहिमेच्या पोटात जाहिरातगट असतो. त्या गटात कोणता माल दाखवावयाचा आणि कोणत्या शोधशब्दांवर तो दाखवावयाचा हे नमूद करतात. प्रत्येक शब्दासाठी एका क्लिकमागे जास्तीत जास्त किती द्यावयाचे, ती आपली बोली. जागा केवळ मोठ्या बोलीवर मिळत नाही. शोधलेल्या शब्दाशी माल कितपत जुळतो, हेही बाजारपेठेचा संगणक पाहतो. खर्चाच्या मर्यादेबाबत एक सूचना ध्यानात ठेवावी. एखाद्या दिवशी मर्यादेपेक्षा अधिकही खर्च होऊ शकतो. मर्यादा पाळली जाते ती महिन्याच्या सरासरीने.

ॲमेझॉनवर मोहिमेचे दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात शब्द निवडण्याचे काम संगणकावरच सोपविले जाते. त्यास स्वयंचलित मोहीम म्हणतात. दुसऱ्या प्रकारात शब्द विक्रेता स्वतः देतो. अशा शब्दांची जुळणी तीन प्रकारची असते : विस्तृत, शब्दसमूहाची व तंतोतंत. तंतोतंत जुळणीत गिऱ्हाइकाने जवळजवळ तोच शब्द लिहिला तरच जाहिरात दिसते. विस्तृत जुळणीत आसपासच्या पुष्कळ शब्दांवरही ती दिसते. यांखेरीज ‘वर्ज्य शब्द’ देण्याची सोय असते. जे शब्द वर्ज्य केले, त्यांवर जाहिरात दाखविली जात नाही. शेतातील तण वेळीच काढले नाही तर खताचा अंश तेच खाते. वर्ज्य शब्दांचे काम निंदणीचे आहे, आणि नवे गट नेमके हेच काम टाळतात.

एका गटाचा हिशेब

ही सारी रीत एका उदाहरणाने स्पष्ट होईल. सांगलीच्या बाजूस एका गावी बारा भगिनींचा गट हळद दळून विकतो असे समजावे. पुढील आकडे समजण्यास सोपे जावेत म्हणून साधे घेतले आहेत. प्रत्येक गटाने आपापले आकडे त्या जागी घालावेत.

गटाची अर्धा किलोची पुडी २१० रुपयांस विकली जाते. त्यांत ५ टक्के वस्तू व सेवा कर धरलेला आहे. म्हणजे करापोटी १० रुपये वजा जाता २०० रुपये उरतात. हळकुंड, दळण व घट मिळून ९० रुपये, पिशवी, लेबल व खोके मिळून १४ रुपये, बाजारपेठेचे शुल्क व पोचविण्याचा खर्च मिळून ५६ रुपये, असा एकूण खर्च १६० रुपये येतो. एका पुडीमागे ४० रुपये शिल्लक राहतात. जाहिरातीचा खर्च या ४० रुपयांतूनच भागला पाहिजे. एका पुडीमागे जाहिरातीस ४० रुपये गेले तर गटाने फुकट राबल्यासारखे झाले, आणि ४१ गेले तर पदरचा रुपया गेला.

गटाने महिन्याकरिता ९,००० रुपये बाजूला काढले. ही रक्कम पुढील हंगामाच्या बेण्यासाठी साठविलेली होती. स्वयंचलित मोहीम सुरू करून दिवसाची मर्यादा ३०० रुपये ठेवली. पहिल्या पंधरवड्यात ४,५०० रुपये खर्च झाले, १,००० क्लिक मिळाले आणि ४० पुड्या विकल्या गेल्या. विक्री ८,००० रुपयांची झाली, म्हणून गावात आनंदाचे वातावरण पसरले. विस्तार कार्यकर्ता भेटीस आला तेव्हा गटाच्या अध्यक्षा म्हणाल्या, “भाऊसाहेब, आठ हजारांचा माल गेला. आता मर्यादा दुप्पट करावी म्हणतो आम्ही.”

“ताई, आधी वहीत मांडून पाहू,” कार्यकर्ता म्हणाला. “चाळीस पुड्यांमागे शिल्लक किती?”

“सोळाशे.”

“आणि जाहिरातीला गेले किती?”

अध्यक्षांनी आकडा मांडला व त्या क्षणभर स्तब्ध झाल्या. ४,५०० रुपये खर्चून १,६०० रुपये मिळाले होते. २,९०० रुपये तोटा झाला होता. मर्यादा दुप्पट केली असती तर तोटाही दुप्पट होण्याचा संभव होता. बेण्याच्या रकमेचा निम्मा भाग निघून गेला होता, आणि मोबाइलवरील अहवालात मात्र विक्रीचा आकडा ठळक दिसत होता.

दोष कोठे होता

अशा वेळी जाहिरातीसच दोष देऊन ती बंद करण्याकडे अनेकांचा कल होतो. तसे करण्यापूर्वी ‘शोधशब्दांचा अहवाल’ पाहावा. गिऱ्हाइकाने प्रत्यक्षात कोणते शब्द लिहिले, त्यांवर किती क्लिक झाले, किती खर्च झाला व किती माल विकला गेला, हे त्यात शब्दवार दिलेले असते. हा अहवाल संगणकावर उतरवून घेता येतो व एक्सेलसारख्या तक्त्यात उघडता येतो. गटाच्या अहवालातील शब्द पाच वर्गांत लावले असता पुढील चित्र दिसले :

१. ‘हळद पावडर’ यासारखे सर्वसाधारण शब्द : ४२० क्लिक, खर्च २,१०० रुपये, विक्री १२ पुड्या.

२. सांगलीच्या हळदीचा नावाने शोध : ९० क्लिक, खर्च २७० रुपये, विक्री १५ पुड्या.

३. ‘घरगुती हळद’, ‘हळद अर्धा किलो’ असे नेमके शब्द : ७० क्लिक, खर्च २४० रुपये, विक्री १० पुड्या.

४. इतर कंपन्यांच्या हळदीची नावे : ११० क्लिक, खर्च ४९५ रुपये, विक्री २ पुड्या.

५. ओली हळद, हळदकुंकू, हळदीच्या गोळ्या, चेहऱ्यास लावावयाचे मलम : ३१० क्लिक, खर्च १,३९५ रुपये, विक्री १ पुडी.

दुसऱ्या व तिसऱ्या वर्गांत मिळून ५१० रुपये खर्च झाले आणि २५ पुड्या गेल्या. त्यांची शिल्लक १,००० रुपये, म्हणजे तेथे ४९० रुपये नफाच होता. उरलेल्या तीन वर्गांत ३,९९० रुपये खर्चून १५ पुड्या गेल्या. त्यांची शिल्लक ६०० रुपये आणि तोटा ३,३९० रुपये. चांगल्या शब्दांनी मिळविले ते वाईट शब्दांनी गमावले, आणि वर पदरचे घातले.

आणखी एक गोष्ट उघड झाली. सर्व शब्दांची खर्चमर्यादा एकच असल्यामुळे सर्वसाधारण शब्द दुपारपर्यंतच ३०० रुपये संपवीत. संध्याकाळी जेवणाखाणाची खरेदी करणाऱ्या गिऱ्हाइकांस जाहिरात दिसतच नसे. पाटाचे सारे पाणी वरच्या वाफ्यातच मुरावे आणि खालचे चांगले पीक कोरडे राहावे, तसा हा प्रकार होता.

बोली कशी ठरवावी

बोली ठरविण्याचा नियम सोपा आहे. एका पुडीची शिल्लक घ्यावी आणि एक पुडी विकली जाण्यास किती क्लिक लागतात त्या संख्येने तिला भागावे. जो आकडा येईल तो ना नफा ना तोटा असा क्लिकचा दर होय. सर्वसाधारण शब्दांवर ४२० क्लिकांत १२ पुड्या गेल्या, म्हणजे एका पुडीस ३५ क्लिक लागले. ४० भागिले ३५ म्हणजे सुमारे १ रुपया १४ पैसे. गट तेथे सरासरी ५ रुपये देत होता. सांगलीच्या नावाने शोधणाऱ्यांत एका पुडीस ६ क्लिक लागले. तेथे ६ रुपये ६६ पैशांपर्यंत परवडते, आणि गट फक्त ३ रुपये देत होता. गटास पुडीमागे १० रुपये हाती राहावयास हवे असतील तर ४० ऐवजी ३० रुपये धरून भागाकार करावा.

सर्वसाधारण शब्दावर रुपयाच्या बोलीने वरची जागा मिळणार नाही, हे खरे. तेथे मोठ्या कंपन्या बोली चढवितात. त्यांस पुढे वर्षानुवर्षे तेच गिऱ्हाईक मिळेल या हिशेबाने आज तोटा सोसणे परवडते. लहान गटास ते परवडत नाही. बाजार समितीत भाव उतरल्यावर जो शेतकरी माल परत नेऊ शकतो, तो हरत नाही. येथेही न परवडणाऱ्या बोलीतून माघार घेण्यात कमीपणा नाही.

जाहिरातीच्या पडद्यावर ‘एकॉस’ नावाचा एक आकडा दाखवितात. जाहिरातीतून झालेल्या शंभर रुपयांच्या विक्रीमागे जाहिरातीस किती रुपये गेले, ते तो सांगतो. गटाच्या पहिल्या पंधरवड्यात तो ५६ टक्क्यांहून थोडा अधिक होता. पुडीच्या २०० रुपयांत शिल्लक ४०, म्हणजे २० टक्के. यावरून २० टक्क्यांच्या आतील एकॉस लाभाचा व त्यावरील तोट्याचा, असे ठरते. ही रेषा प्रत्येक मालाची निराळी असते. दुसऱ्या गटास ३० टक्के परवडतात म्हणून आपणांसही परवडतील असे समजू नये. जाहिरातीच्या बिलावर वस्तू व सेवा कर निराळा लागतो, त्याचीही नोंद वहीत करावी.

मोहिमेची फेरमांडणी

कार्यकर्त्याच्या सल्ल्याने गटाने तीन बदल केले. पहिला बदल असा की, स्वयंचलित मोहीम बंद न करता तिची मर्यादा अगदी अल्प ठेवली. तिचा उपयोग रोपवाटिकेसारखा करावयाचा. नवे उपयोगी शब्द तेथे उगवतात. जो शब्द विक्री देतो तो उचलून तंतोतंत जुळणीच्या निराळ्या मोहिमेत लावावयाचा. दुसरा बदल असा की, ओली हळद, कुंकू, गोळ्या, मलम असे शब्द वर्ज्य केले. तिसरा बदल असा की, चांगल्या शब्दांच्या मोहिमेस तिची स्वतःची खर्चमर्यादा दिली, म्हणजे तिचे पाणी दुसरीकडे वळणार नाही.

गिऱ्हाईक एकच वस्तू अनेक प्रकारे लिहिते, ही बाबही त्या वेळी लक्षात आली. कोणी ‘हळद’ लिहितो, कोणी ‘हल्दी’, कोणी ‘टर्मेरिक’. रोमन लिपीत लिहिताना अक्षरेही मागेपुढे होतात. पुणे-मुंबईचे, इंदूर-बडोद्याचे मराठी कुटुंब आणि दिल्लीचे हिंदी कुटुंब एकाच हळदीस निरनिराळ्या शब्दांनी हाक मारते. असे सर्व शब्द गटातील भगिनींनी एकत्र बसून लिहून काढले. या कामात बाहेरच्या तज्ज्ञापेक्षा त्यांचेच ज्ञान अधिक उपयोगी पडले.

दुसऱ्या पंधरवड्यात ३०० क्लिक मिळाले, ९६० रुपये खर्च झाले आणि पुन्हा ४० पुड्याच विकल्या गेल्या. विक्रीचा आकडा पूर्वीइतकाच, ८,००० रुपये. परंतु शिल्लक १,६०० मधून ९६० वजा जाता ६४० रुपये गटाच्या हाती राहिले. एकॉस १२ टक्क्यांवर आला. तथापि पहिला तोटा २,९०० रुपयांचा होता. तो ६४० रुपयांच्या दराने भरून येण्यास जवळजवळ पाच पंधरवडे लागतात. पंधरा दिवसांच्या बेफिकिरीची भरपाई अडीच महिन्यांच्या काळजीने करावी लागते, हे या हिशेबाचे सार आहे.

सॉफ्टवेअरचा उपयोग कोठे

पाच शब्द व एक पुडी असेपर्यंत सर्व कामे मोबाइलवर होतात. परंतु हळद, मिरची, मसाला, गूळ असे दहा प्रकारचे माल आणि प्रत्येकी तीस शब्द झाले की तीनशे बोलींची देखरेख हाताने होत नाही. येथे सॉफ्टवेअरची मदत घ्यावी.

पहिली सोय बाजारपेठच देते. ॲमेझॉनवर सर्व मोहिमांचा एकत्र तक्ता उतरवून घेता येतो, त्यात बदल करता येतात व तो परत चढविता येतो. प्रत्येक ओळीत मोहीम, जाहिरातगट, शब्द, बोली यांचे रकाने असतात. ‘ऑपरेशन’ नावाच्या रकान्यात त्या ओळीचे काय करावयाचे ते लिहितात : नवी करावयाची असल्यास ‘क्रिएट’, बदलावयाची असल्यास ‘अपडेट’. हा रकाना रिकामा असल्यास ती ओळ जशीच्या तशी राहते. ‘अर्काइव्ह’ हा शब्द मात्र विचार करून लिहावा, कारण त्याने कायमची बंद झालेली मोहीम पुन्हा सुरू करता येत नाही. तात्पुरते थांबविण्यासाठी स्थितीच्या रकान्यात ‘पॉज्ड’ लिहावे.

तक्ता वापरताना चार खबरदाऱ्या घ्याव्यात. पहिली, उतरवून घेतलेल्या मूळ तक्त्याची एक प्रत निराळी ठेवावी. दुसरी, मोहिमांचे लांबलचक क्रमांक एक्सेलमध्ये आपोआप संक्षिप्त रूपात बदलतात व बिघडतात. तो रकाना ‘मजकूर’ म्हणून ठेवावा. तिसरी, बोलीतील दशांशचिन्ह दोघांनी तपासावे. ४.५० च्या जागी ४५० पडले तर एका दिवसात महिन्याची रक्कम धोक्यात येते. चौथी, प्रथम दोन-तीनच ओळी बदलून तक्ता चढवावा व त्या बरोबर लागल्या की उरलेल्या चढवाव्यात.

दुसरी सोय नियमांची. ‘अमुक क्लिक होऊनही विक्री नसेल तर बोली कमी कर’ असे नियम सॉफ्टवेअरला घालून देता येतात. ते नियम सॉफ्टवेअर न कंटाळता पाळते, परंतु नियम चुकीचा असल्यास चूकही तितक्याच निष्ठेने करते. समजा, एखादा शब्द सरासरी दहा क्लिकमागे एक पुडी विकतो. तरीही त्याच्या कोणत्याही दहा क्लिकांत एकही विक्री न होण्याचा योग शंभरांत सुमारे ३५ वेळा येतो. वीस क्लिकांत तो सुमारे १२ वेळा व तीस क्लिकांत सुमारे ४ वेळा येतो. म्हणजे दहा क्लिकांवरून शब्द काढून टाकण्याचा नियम केला तर चांगली रोपेही उपटली जातील. तीस क्लिकांपर्यंत धीर धरावा. जो शब्द मालाशी उघडच विसंगत आहे, तो मात्र पहिल्याच क्लिकला वर्ज्य करावा.

त्याचप्रमाणे कालच्या अहवालावरून आज निर्णय घेऊ नये. ॲमेझॉनच्या या प्रकारच्या जाहिरातीत विक्रेत्यास क्लिकनंतर ७ दिवसांत झालेली विक्री त्या क्लिकच्या नावे मिळते. गिऱ्हाईक सोमवारी पाहून शुक्रवारी घेते. म्हणून शेवटचा आठवडा सोडून त्यामागील आकड्यांवर विचार करावा.

बोली आपोआप कमीजास्त करण्याचा अधिकारही बाजारपेठेस देता येतो. ‘फक्त कमी करावी’ या पर्यायात विक्रीचा संभव कमी दिसल्यास बोली उतरविली जाते. ‘वाढवावी व कमी करावी’ या पर्यायात ती दुपटीपर्यंतही चढविली जाऊ शकते. नव्या गटाने पहिला पर्याय घ्यावा.

तिसरी सोय बाहेरच्या कंपन्यांच्या सॉफ्टवेअरची. ती महिन्याचे भाडे घेतात, किंवा जाहिरातीच्या खर्चावर टक्केवारी घेतात. जेथे टक्केवारी आहे तेथे आपला खर्च वाढण्यात त्यांचा लाभ असतो, हे विसरू नये. भाडे वर्षभराच्या नफ्यातून भागते काय, हे आधी पाहावे. थोड्या मालाच्या गटास एक्सेलचा तक्ता पुरेसा आहे. कोणासही खात्याचा पासवर्ड अथवा मोबाइलवर येणारा ओटीपी देऊ नये. दुसऱ्यास मर्यादित अधिकार देण्याची सोय खात्यातच असते, ती वापरावी.

जाहिरातीपूर्वीची मशागत

मशागत न केलेल्या रानात बी टाकून उपयोग नसतो. तसेच मालाचे पान नीट नसता जाहिरात देऊ नये. स्वच्छ उजेडात काढलेली छायाचित्रे, वजन, घटक, दळल्याची तारीख, किती दिवसांत वापरावी, व अन्न सुरक्षा परवान्याचा १४ अंकी क्रमांक या बाबी पानावर व पिशवीवर स्पष्ट असाव्यात. माल संपला तर ही जाहिरात दिसत नाही. सणापूर्वी जाहिरात वाढविण्याआधी साठा मोजावा.

‘सांगली हळद’ या नावास २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ‘कोल्हापूर गूळ’ यास ते २०१४ साली मिळाले. अशा नावाने माल विकावयाचा असल्यास १९९९ च्या भौगोलिक मानांकन कायद्याखाली अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून घ्यावी. ही नोंदणी गटाच्या जाहिरातीचे मोठे बळ ठरते, कारण नाव घेऊन शोधणारे गिऱ्हाईक बहुधा घेण्याच्या निश्चयानेच आलेले असते. हळद अमुक रोग बरा करते असा दावा जाहिरातीत करू नये. अन्नपदार्थांच्या जाहिराती व दाव्यांबाबत २०१८ चे नियम लागू आहेत. तसेच २०२० च्या ई-कॉमर्स ग्राहक संरक्षण नियमांप्रमाणे विक्रेत्याने ग्राहक असल्याची बतावणी करून आपल्याच मालाची स्तुती लिहिणे निषिद्ध आहे.

एक लहानशी परंतु खर्चाची सवय येथे नमूद करणे अवश्य आहे. जाहिरात सुरू झाली की घरोघरी ती उघडून पाहण्याची हौस असते. अशा प्रत्येक क्लिकचे पैसे गटाच्याच खात्यातून जाण्याचा संभव असतो. आपली जाहिरात आपण उघडू नये, नातेवाइकांनाही तसे सांगावे.

विस्तार कार्यकर्त्यांचे काम

विस्तार कार्यकर्त्यांनी गटास जाहिरात सुरू करण्याचा सल्ला देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. एका नगामागे शिल्लक किती? पहिल्या महिन्यात किती रक्कम बुडाली तरी गटाचे काम अडणार नाही? दर आठवड्यास अहवाल कोण पाहणार? या तिन्हींची उत्तरे वहीत लिहिलेली नसतील तर जाहिरात पुढे ढकलावी. बेण्याची, कर्जाच्या हप्त्याची अथवा सभासदांच्या बचतीची रक्कम जाहिरातीस लावू देऊ नये. प्रारंभ नफ्यातील अल्प रकमेने करावा.

आठवड्याचा एक ठरावीक वार या कामास द्यावा. त्या दिवशी शोधशब्दांचा अहवाल उतरवून घ्यावा, विसंगत शब्द वर्ज्य करावेत, चांगले शब्द तंतोतंत मोहिमेत न्यावेत, बोली शिल्लकेशी ताडून पाहाव्यात आणि काय बदलले ते तारखेसह वहीत लिहावे. पूर्वी जी भगिनी पतपेढीच्या वहीत अचूक नोंदी करीत होती, तिला हे काम दोन-तीन बैठकांत साधते.

उदाहरणातील गटाने दुसरा पंधरवडा संपल्यावर उरलेली रक्कम मोजली. ९,००० मधून ५,४६० रुपये जाहिरातीस गेले होते व ३,५४० रुपये शिल्लक होते. अध्यक्षांनी ते बेण्याच्या खात्यात परत जमा केले आणि पुढील जाहिरात विक्रीच्या नफ्यातूनच करावयाची असा ठराव लिहून घेतला. दर मंगळवारी अहवाल पाहण्याचे काम त्यांनी सुनेकडे व हिशेब ताडण्याचे काम स्वतःकडे ठेवले. गावोगावच्या गटांनी याच क्रमाने पावले टाकावीत.